करवंटीतला पाहुणचार

जगातली कुठलीही गोष्ट नीट वाचली की करता येते, असं विश्रामभाऊ धुरींचं ठाम मत होतं. तालुक्याच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर फायली वाचल्या आणि निभावून नेल्या. निवृत्त झाल्यावर फायली संपल्या, तेव्हा भाऊ मोबाइल वाचायला लागले. त्यांनी गांडूळखत वाचलं, मधमाश्या वाचल्या, घरच्या घरी साबण वाचला. साबण वाचला त्या आठवड्यात त्यांच्या बायकोच्या, सरलावहिनींच्या, हातांची सालटं निघाली. तो दोष साबणाचा होता, वाचण्याचा नव्हता, असं भाऊ अजून सांगतात. धामापुरात भाऊंना न ओळखणारा एखादा सापडेल, पण साबणाची हकीकत माहीत नसलेला सापडायचा नाही.

तर मे महिन्यात एका रविवारी सकाळी भाऊंकडे फोंडाघाटाहून पाहुणे यायचे ठरले. भाऊंची एकुलती एक मुलगी अक्षया आणि तिकडचा समर्थ सावंत कुडाळला एकाच ऑफिसात कामाला. दोघांचं आपसात कधीच ठरलेलं होतं. समर्थची आई किशोरीताईही राजी होत्या. अडलं होतं ते आजोबांपाशी. समर्थ लहान असतानाच त्याचे वडील गेले आणि तेव्हापासून ते घर आजोबांनी, म्हणजे दाजींनी, सांभाळलं. दाजी हो म्हणाले तर लग्न. नाही म्हणाले तर आपण त्यांचा शब्द मोडणार नाही, असं समर्थने अक्षयाला आधीच सांगून ठेवलं होतं. पोरीचं जेवणातलं लक्ष उडालं होतं.

"बाबा, तुम्ही नवीन काय काढू नका हां," ती म्हणाली. "दाजींचा मोतीबिंदूचा ऑपरेशन झाला हा. काळो चष्मो लावून येतले, घडीभर बसतले. आईक घावणे करूदेत."

"घावणे तेंच्या घराक नाय काय?" भाऊ म्हणाले. "आपण तेंका स्मूदी बाऊल देवया."

"ता काय?" सरलावहिनींनी विचारलं.

मग भाऊंनी समजावून सांगितलं. हापूसचे तुकडे फ्रीजरमध्ये दगडासारखे घट्ट करायचे. त्यात केळं आणि दही घालून मिक्सर फिरवायचा. वर काजूगर, करवंदं आणि ओल्या खोबऱ्याचे काप मांडायचे. उन्हाळ्यात सकाळच्या न्याहारीला याच्यासारखं दुसरं नाही. तोंडवलीला किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरणारी मुंबईची माणसं दुसरं काही खातच नाहीत.

"म्हणजे आमरसच तो," वहिनी म्हणाल्या. "थंड केल्लो."

भाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. कारण त्यांचं मन बसलं होतं ते आमरसावर नव्हतंच, भांड्यावर होतं. मोबाइलमध्ये तो बाऊल नारळाच्या करवंटीत होता.

वहिनींचा हात थांबला. "करटेत? सोयरिकेक इल्ल्या माणसांका करटेत खाऊक देतलास?"

आता आपल्याकडे करवंटीत काय देतात, हे काय सांगायला हवं? मांजराला दूध देतात, कोंबड्यांना कण्या देतात. एखादा धुळीला मिळाला तर त्याच्या हातात करवंटी आली म्हणतात. वहिनींनी यातलं सगळं बोलून दाखवलं.

"जग खंय गेला आणि तू खंय आसस," भाऊ म्हणाले आणि काचपेपर आणायला गेले.

पुढे बरेच दिवस धुरींच्या पडवीतून खरखर आवाज येत राहिला. आधी जाड काचपेपर, मग बारीक, मग खोबरेल, मग जुन्या बनियनचा फडका. आणि खोटं कशाला बोला, करवंट्या झाल्या मात्र देखण्या. काळ्याभोर, तुकतुकीत, हात लावला तर निसटतील अशा. त्यातली नारळाच्या डोळ्यांकडची करवंटी सगळ्यात खोल होती, म्हणून ती मानाच्या पाहुण्याला, दाजींना, द्यायचं ठरलं.

"ह्या भोकाचा काय?" वहिनींनी ती उजेडात धरून विचारलं. नारळाच्या तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, तो घासताना आरपार उघडा पडला होता.

"स्मूदी घट्ट आसता. गळाक ती काय पेज आसा?"

रविवार उजाडला. पाहुणे आले. समर्थने दाजींचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. पांढरंशुभ्र परीटघडीचं धोतर, आणि अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा. मागून किशोरीताई. सगळे पडवीत बसले. वर पंखा फिरत होता, पण वारा चुलीपुढून यावा तसा गरम होता. अक्षया ट्रे घेऊन आली आणि तिने पहिला बाऊल दाजींच्या हातात दिला.

किशोरीताईंनी आपल्या हातातला बाऊल बघितला. मग सरलावहिनींकडे बघितलं. मग दोघीही जमिनीकडे बघायला लागल्या.

दाजींनी मात्र बाऊल ओंजळीत धरला आणि कडेवरून अंगठा फिरवला. "सावंतवाडीचा काम काय ह्या? लाकडी?"

भाऊंची छाती फुगली. 'नाही हो, हे मी केलंय' हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"काय गुळगुळीत," दाजी म्हणाले. "आकार मात्र करटेसारखो. करटेवरना एक गजाल आठवली, सांगू?"

"सांगा की," भाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, काहीतरी माडाबिडाचं असेल.

"पुतणेच्या सोयरिकेक गेल्लाव. घर बरा, माणसां बरी. उन्हातना इल्लाव म्हणान आमका ताक दिल्यानी. बघतंय तर काय, करटेत." दाजींनी चमच्याने बाऊलवर टक्क करून वाजवलं. "माझा डोक्याच फिरला. ती करटी थंयच खळ्यात आपटलंय, चपला घातलंय आणि भायर. सोयरीक मोडली. पोरगी रडली बिचारी. पण माणसाक मान नको?"

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊंची एक गंमत होती. ते घाबरले की त्यांची मालवणी पार आटून जायची आणि आतून कचेरी बाहेर यायची.

"आपण उचित तेच केलंत," ते म्हणाले. "सदर प्रकार अत्यंत गंभीर होता."

"मगे? काय चुकला माझा?"

"काहीच नाही. आपण आधी खाऊन घ्या. गार आहे तोवर."

पण दाजी खायला तयार नव्हते. एकदा गजालीला लागलेला माणूस तो. ताकावरून ते म्हशीवर गेले, म्हशीवरून घाटातल्या रस्त्यावर गेले, आणि बाऊल आपला हातात धरून ठेवलेला. भाऊंनी सरलावहिनींकडे बघितलं. वहिनींनी 'आता तुम्ही आणि तुमचा मोबाइल' अशा अर्थाने पदर सारखा केला. अक्षयाचा रंग उडाला होता. समर्थ तिच्याकडे न बघता करवंदं मोजल्यासारखी चमच्याने इकडून तिकडे करत होता.

आणि मे महिन्याने आपलं काम केलं. दगडासारखा घट्ट आंबा हळूहळू सैल झाला, सैल झाल्यावर त्याला खालचं भोक सापडलं, आणि दाजींच्या परीटघडीच्या धोतरावर एक पिवळा थेंब पडला. मग दुसरा. मग त्यांची एक रांगच लागली. भाऊ त्या थेंबांकडे बघत बसले.

"मांडयेर ओला काय लागता रे?" दाजी म्हणाले आणि त्यांचं बोट बाऊलच्या खाली सरकलं.

कोकणातल्या माणसाला झोपेतून उठवून नारळाचे तीन डोळे बोटाखाली दिले तरी तो सांगेल हे काय आहे ते. बोट आणखी थोडं सरकलं असतं तर करवंटी अंगणात, चपला पायात, आणि अक्षयाचं लग्न तिथल्या तिथे मोडलं असतं. भाऊंनी पुढचा मागचा विचार केला नाही. ते उठले आणि त्यांनी दाजींच्या हातातला बाऊल ओढून घेतला.



"माफ करा," भाऊ म्हणाले. "हा माझा आहे."

"तुमचो?"

"म्हणजे मी नेहमी यातच खातो. न्याहारी, जेवण, सर्व काही. अन्य भांड्यातलं मला पचत नाही. वैद्यकीय कारण आहे."

आणि ते खरं वाटावं म्हणून त्यांनी भोकावर अंगठा दाबला आणि उभ्या उभ्या चमच्याने खायला सुरुवात केली. घरी आलेल्या पाहुण्याच्या हातातलं काढून घेऊन यजमानच ते त्याच्या पुढ्यात खातोय, असा पाहुणचार धामापुरात आधी कोणी केला नसेल. भाऊंना तो घास गिळवत नव्हता, पण थांबायची सोय नव्हती. काळा चष्मा त्यांच्याकडे रोखलेला होता आणि त्यामागे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

"असा काय," दाजी एवढंच म्हणाले.

समर्थने मान खाली घातली. अक्षयाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली, उरलेली स्मूदी साध्या स्टीलच्या वाटीत घालून घेऊन आली, आणि दाजींच्या पायांशी बसून ओल्या पंचाने त्यांच्या धोतरावरचा आंबा पुसायला लागली.

"आजोबा, माझ्या बाबांका एकेक खोडी आसत," ती म्हणाली. "पण ते मनान वायट नाय. तुम्ही ह्या खावा. ह्या मी केलंय."

दाजींनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. मग गजाली बंद करून ते वाटीच्या तळापर्यंत गेले. सगळे त्यांच्या चमच्याकडे बघत होते.

"आंबो खंयचो?"

"मागल्या कलमाचो."

"गोड आसा," दाजी म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि अक्षयाच्या डोक्यावर हात ठेवला. "चेडू पण. किशोरी, मुहूर्त बघूक लागा."

अक्षया तिथेच रडायला लागली आणि किशोरीताईंनी तिला जवळ घेतलं. भाऊ बाऊल हातात धरून उभेच होते. आंबा त्यांच्या कोपरापर्यंत आला होता.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी भाऊ पुन्हा पूर्ववत झाले. "ह्येका प्रसंगावधान म्हणतत," ते वहिनींना म्हणाले. "पुस्तकात गावायचा नाय." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या साबणाच्या वेळीही काही बोलल्या नव्हत्या.

साखरपुडा फोंडाघाटाला झाला. दोन्हीकडची झाडून सगळी माणसं जमलेली. पंगत बसली, सगळ्यांपुढे केळीची हिरवीगार पानं मांडलेली. भाऊ मुलीचे बाप, त्यांचं पान पंगतीच्या सुरुवातीला. जाऊन बघतात तर तिथे पानच नाही. तिथे ओळीने करवंट्या मांडलेल्या. एकीत भात, एकीत वरण, एकीत काळ्या वाटाण्याची उसळ, एकीत खीर. वरचा काथ्याही नीट निघालेला नव्हता, करवंट्यांना दाढी आल्यासारखी दिसत होती.

"बसा, व्याहीबुवा," दाजी स्वतः समोर उभे होते. काळा चष्मा गेला होता आणि डोळे लख्ख होते. "तुमका दुसऱ्या भांड्यातला पचना नाय ना? मी सगळ्यांका सांगून ठेवलंय. आता खंयच्याय कार्याक गेलास तरी तुमची गैरसोय व्हायची नाय."

सगळी पंगत माना वळवून भाऊंकडे बघत होती. पलीकडे सरलावहिनींनी पदर तोंडात धरला होता. भाऊ बसले. दुसरं करणार काय?

दाजी वाढायच्या निमित्ताने वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासारखी गुळगुळीत मात्र जमली नाय हो. काय घासल्यात ती."

भाऊंचा हात भातातच राहिला. "म्हणजे? आपल्याला तेव्हा दिसत होतं?"

"मोतीबिंदू काढल्यार दिसाक लागता, व्याहीबुवा. दिसाचा बंद होणा नाय. पोरीन ट्रे हाडलो तेव्हाच बघलंय मी."

"आणि आपली ती पुतणी? तिची मोडलेली सोयरीक?"

"माका पुतणीच नाय."

दाजींनी त्यांच्या खिरीत आणखी एक पळी घातली.

"राग इल्लो होतो माका," ते म्हणाले. "म्हणानच ती गजाल रचलंय. म्हटला, बघूया हो माणूस काय करता. तर लेकीची सोयरीक मोडा नये म्हणान तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातातला ओढून खाल्लात. लेकीपायी येवढो येडो होणारो बापूस माका पटलो. जेवा आता सावकाश."

भाऊंना भरून आलं. डोळे पुसायला ते जरा वाकले, तेव्हा मांडीवर काहीतरी गरम लागलं. नव्या पॅन्टवर वरण ठिबकत होतं. त्यांनी वरणाची करवंटी डाव्या हाताने उचलली, खालून चाचपली, आणि मऊ डोळ्यात बोट घालून भोक बंद केलं. मग उजव्या हाताने त्यांनी भात कालवायला घेतला.

"भोकाचा मी तेव्हाच विचारल्लंय," पलीकडून सरलावहिनी म्हणाल्या.