बारीवाले सुधाकरभाऊ

सुधाकरभाऊ भांडणसुद्धा आळीपाळीनं करतात.

मोर्शीच्या बसस्टँडवर एकदा त्यांची आणि एका फळवाल्याची जुंपली. फळवाला तोंडाला येईल ते बोलत होता आणि भाऊ हाताची घडी घालून मन लावून ऐकत होते. तो दम घ्यायला थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं तुमचं? पायजे तं अजून बोला. मंग माही बारी." फळवाला गोंधळला. मग भाऊंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मधेच तो तोंड उघडायला गेला तर बोट वर करून म्हणाले, "मधात नाही बोलाचं. मी बोललो होतो काय?"

या सवयीचं मूळ त्यांच्या शेतात आहे. वडिलांची विहीर एक आणि भाऊ दोन. एक दिवस मोटर थोरल्या दादाची, एक दिवस सुधाकरभाऊंची. लहानपणापासून असं शेताला पाणी दिलेल्या माणसाला सगळं जग बारीनं चालावं असं वाटलं तर त्यात नवल नाही. पण लग्नात भटजींनासुद्धा "तुमचं होऊ द्या, मंग मी बोलतो" म्हणणारा नवरदेव मोर्शीनं तेवढा एकच पाहिला.

मी मूळचा अकोल्याचा, मोर्शीच्या शाळेत गणित शिकवायचो. शाळा सुटली की इरफानभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन 'किल्ला' खेळायचो. त्या गेमचं खरं नाव इंग्रजी आणि हातभर लांब होतं. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही आपलं 'किल्ला' म्हणायचो. त्याचे तीन भाग आले होते आणि तिन्हींत नुसती कापाकापी. ज्याची बोटं जलद तो राजा. माझी बोटं जलद होती. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मला त्याचा किती गर्व होता हे आता सांगायलाही लाज वाटते.

सुधाकरभाऊ पन्नाशीला टेकलेले, पण तेही रोज यायचे. अर्ध्या मिनिटात मरायचे. मरताना पडद्यावरच्या शत्रूला ओरडून सांगायचे, "अबे, थांब ना जरा! माही बारी तं येऊ दे!"

आणि मग चौथा भाग आला. त्यात लढाई चक्क आळीपाळीची! आधी एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. वाटेल तेवढा विचार करा, कुणी काही म्हणणार नाही.

दुकानात दोन तट पडले. जलदवाल्यांचा पुढारी मी. "ही लढाई आहे की रेशनची रांग?" असं मी टेबलावर मूठ आपटून विचारलं. टाळ्या पडल्या. भाऊंनी त्या संपू दिल्या आणि म्हणाले, "सर, वर्गात तुमी पोराले प्रश्न इचारता, तं त्याले उत्तराले वेळ देता का डोक्यात तलवार घालता?" सगळं दुकान हसलं. माझे विद्यार्थी तर जरा जास्तच हसले.

शेवटी इरफानभाई कंटाळले. "मशीन जुन्या आहेत. जागा एकाच भागाची. रविवारी तुम्ही दोघं चौथ्यावर खेळा. सर जिंकले तर चौथा पुसून टाकतो."

भाऊंचा चेहरा उतरला. बाहेर मला गाठून म्हणाले, "सर, चौथा राहाले पायजे. काहून ते इचारू नका." एरवी दाढ दुखली तरी तासभर वर्णन करणारा हा माणूस. मी चकित झालो, पण माघार घेण्याइतका शहाणा नव्हतो.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पहिल्याच चालीत घोडदळ सोडलं. भाऊंनी काहीच केलं नाही. "माही बारी झाली. चाला तुमी." दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. माझे सैनिक त्यांच्या तटाचे दगड काढत होते.

"भाऊ, झोपले काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"बागेले ताण देऊन राहिलो," भाऊ म्हणाले.

त्याबरोबर मागची संत्रावाली मंडळी एकदम पुढे सरकून पडद्याकडे बघू लागली. मी कपाशीच्या मुलखातला, मला कळलं नाही. संत्र्याला बहार यावा म्हणून तिथे झाडाचं पाणी तोडतात. पानं अशी मलूल होतात की परक्याला वाटावं, बाग गेली. मग पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलते. गेममध्येही न वापरलेल्या बारीचं बळ साठत होतं. तो नियम मी वाचला होता, पण एवढा दम कुणाला असेल असं मला वाटलं नव्हतं.

सातव्या बारीला भाऊंनी पाणी सोडलं. त्यांची सगळी फौज एकदम उठली. माझे दोन दरवाजे पडले आणि राजा तबेल्यात सापडला. लोकांनी भाऊंना खुर्चीसकट उचललं, इरफानभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी कडू तोंडानं हात मिळवला.

पुढच्या रविवारी भाऊ थोरल्या दादाला घेऊन आले. त्या वर्षांत विहिरी तळाला गेल्या होत्या. दादानं आपली वाळलेली बाग स्वतःच्या हातानं तोडली होती आणि तेव्हापासून दीड वर्ष तो एक शब्द बोलला नव्हता. भाऊ मला हळूच म्हणाले, "पयलेही आणलं होतं, सर. जलद खेळात मेला की उठून जाये. याच्यात त्याले कोणी घाई करत नाही."

दादा पडद्याकडे वीस मिनिटं पाहत बसला. मग त्यानं एक घोडा पुढे सरकवला. दुसरा, मग तिसरा. भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत खेळत होते. त्या नादात त्यांचा मागचा दरवाजा उघडा राहिला.

दादानं टेबलावर थाप मारली. "सुध्या, लेका, दरवाजा उघडा टाकला ना बे! अक्कल हाय का तुले? बापानं हेच शिकवलं काय?"

भाऊ आमच्याकडे वळले. डोळे भरून वाहत होते, आणि आवाज मात्र पार चौकात जाईल एवढा. "सर! ऐकलं काय? दादा शिव्या देऊन राहिला मले!"

दुकानात जो जल्लोष झाला त्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मी होतो. हरल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दादाला मात्र आमची गडबड आवडली नाही. त्यानं भावाच्या दंडाला धरून त्याला पडद्याकडे फिरवलं.

"रडून काय राहिला?" तो म्हणाला. "खेळ."