होकाराचा चेंडू

"आज माझ्या चेंडूला कुणी बॅट लावून दाखवावी!" असे धनश्रीने सकाळी चुलीपाशी जाहीर केले, आणि त्याच दिमाखात तिचे मधले बोट तव्याला टेकले. भाकरी नणंदेच्या डब्याची होती.

काष्टीच्या मैदानावर त्या दिवशी जिल्ह्याच्या बेसबॉल संघासाठी निवडीचा सामना होता. सासूबाईंची, म्हणजे लंकाबाईंची, अट साधी होती: निवड झाली तर खेळ, नाही तर बंद! धनश्री पिचर, चेंडू फेकणारी. नणंद पंकजा कॅचर. बॅटरमागे उकिडवी बसून चेंडू झेलायचा आणि पुढचा कोणता हवा ते बोटांनी सुचवायचे, हे तिचे काम.

शेवटचा डाव, धावा बरोबरीत, आणि समोरच्या संघाची एक खेळाडू शेवटच्या टप्प्यावर धावायला टपलेली. पंकजाने दोन बोटे दाखवली: वळणारा. भाजलेल्या बोटाने तो वळणार कसा? धनश्रीने मान हलवून नकार दिला. पुन्हा दोन बोटे. पुन्हा नकार.

कडेला बसलेल्या शेजारीण गोजरबाई फुलून आल्या. "अगं बया! लंकाबाई, तुमची सून भर मैदानात लेकीला न्हाई म्हनती व्हय?"

लंकाबाई ताडकन उठल्या. "धने! वन्सं काय म्हनत्यात ते ऐक की!"

सगळे मैदान हसले. पंकजा तरातरा पुढे आली.

"वहिनी, आईसमोर माझी शोभा करताय?"

"वन्सं, बोट भाजलंय."

"मग आधी सांगायचं!"

"सकाळीच सांगितलं. तुमी म्हणालात, भाकरी करपू देऊ नका."

"ते ऱ्हाऊ द्या. वळणाराच टाका!"

पुन्हा दोन बोटे. या वेळी धनश्रीने सासरी शिकलेल्या नम्रतेने मान डोलावली, आणि अंगातले सारे बळ लावून चेंडू सरळ फेकला! वळणाची वाट पाहणाऱ्या पंकजाच्या मनगटावर आदळून तो थेट गोजरबाईंच्या चहात गेला. तेवढ्यात समोरच्या संघाची विजयी धाव झाली. सामना संपला.

"कॅचर घेतली," निवड करणारे म्हणाले. "पिचर नको. हो म्हणते आणि भलतंच टाकते."

लंकाबाईंना ते फार लागले. "तसली न्हाई हो ती! लग्न झाल्यापासनं एकदाबी न्हाई म्हनली न्हाई!" मग त्या सुनेकडे वळल्या. "आता खेळ बास. काय?"

धनश्रीने नम्रतेने मान डोलावली.

लंकाबाई समाधान पावल्या. पंकजा तेवढी सुजलेले मनगट सावरत गुपचूप दोन पावले मागे सरली.