जावयाचा नंबर

होणाऱ्या सासऱ्यांनी जेवता जेवता विचारलं, "मग, तुमचा नंबर किती?" आणि चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या सरळ माणसाने नाकावरचा चष्मा सावरत सांगून टाकलं, "साडेसहा."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "साडेसहा! अहो, मी जन्मभर पाचावरच लटकलोय! उद्या सकाळी या आमच्या हॉलमध्ये. दोरी मी धरतो, तुम्ही चढा."

"अरे, ते भिंत चढण्याच्या खेळातला नंबर विचारत होते!" जिन्यात होणारी बायको कुजबुजली. "चार म्हणजे शिडी, पाच म्हणजे घाम आणि सहाच्या पुढे पालीचं काम!"

"मग आत्ताच खरं सांगून येतो."

"आता? थापाड्या ठरशील! बाबांना पाय जमिनीवर असलेला जावई हवाय. लग्न करायचंय ना? मग दोन शब्द पाठ कर. दोरी ताणून हवी तर 'टेक', ढिली हवी तर 'स्लॅक'."

सकाळी बिचाऱ्याच्या कंबरेला बांधलेली दोरी छताच्या कडीतून खाली सासऱ्यांच्या हातात गेली आणि तो भिंत चढू लागला. डोक्याएवढ्या उंचीवर पोचून त्याने खाली पाहिलं मात्र, 'स्लॅक' हा शब्द डोक्यातून साफ उडाला. आता गुपचूप उतरावं हे बरं. घाबरला की स्वतःशी बोलायची त्याला खोड होती. "टेक रे बाबा," तो आपल्याच डाव्या पायाला म्हणाला, "पाय टेक."

खाली वजनदार सासऱ्यांनी 'टेक' ऐकलं आणि दोरीसकट बूड मागे टाकलं. हडकुळा चष्मेवाला हातभर वर गेला.

"अहो काका, टेकू द्या ना!"

"देतो की!"

आणखी हातभर. जितका तो गयावया करी, तितका वर जाई. "टेकू द्या हो!" म्हणता म्हणता त्याचं डोकं छताजवळच्या, वर पोचणाऱ्याने वाजवायच्या घंटेवर आपटलं. टण्ण! चष्मा निसटून खालच्या गादीवर पडला.

सासऱ्यांनी सावकाश दोरी सोडत त्याला खाली आणलं. जमीन वीतभर राहिली असताना त्याला राहवलं नाही. "काका, मला काही चढता येत नाही. साडेसहा माझ्या चष्म्याचा नंबर आहे!"

शेजारी उभ्या लेकीने गादीवरचा चष्मा उचलून बापाच्या डोळ्यांसमोर धरला.

"आई गं! खरंच की!" सासरे डोळे मिचकावत म्हणाले आणि पोट धरून हसायचेच बाकी राहिले, कारण हातात दोरी होती. "अहो, घंटा वाजवूनसुद्धा खरं बोललात. पाय जमिनीवर असलेला असाच जावई हवा होता मला!"

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. "मग काका, आता तरी पाय टेक—"

वाक्य पुरं व्हायच्या आत सासऱ्यांनी सवयीने बूड मागे टाकलं आणि जावईबापू पुन्हा वर निघाले.