लेयर आहे, हॅच नाही

भीमराज साळवेनं सासुरवाडीला, कुसळवाडीत, चहाचा दुसरा कप हातात असताना, शब्द देऊन टाकला. "गुरुवारी समिती येतीय ना? येऊ द्या. नव्या कॉम्प्युटरवर कुसळवाडीचं पाणी असं दाखवतो, की अध्यक्ष धोतर वर धरून खुर्चीवर चढले पाहिजेत."

पाझर तलाव एकच मंजूर व्हायचा होता आणि त्याच्यावर दोन गावं टपलेली. एक कुसळवाडी, दुसरं खुद्द अध्यक्षांचं गाव. त्यामुळं सासूबाई, म्हणजे बनाबाई, जावयाच्या शब्दाला टेकून बसल्या होत्या. मार्चपासून हंडा घेऊन दीड कोस चालणाऱ्या बाईला टेकायला दुसरं होतंच काय?

भीमराज पारनेरला पाणलोट संस्थेच्या ऑफिसात नकाशे करायचा. तिथलं जुनं युनिक्सचं मशीन पिठाच्या गिरणीएवढं. ते चालू केलं की शेजारच्या हॉटेलातला बल्ब मान टाकायचा. पण त्याच्यावर पाणी मुरायची जागा निळ्या तिरप्या रेघांनी अशी भरून यायची, की बघणाऱ्याला पडसं व्हावं. या रेघांना मशीनच्या भाषेत हॅच म्हणत, आणि नकाशाच्या एकावर एक ठेवलेल्या थरांना लेयर. सत्त्याण्णव साली ती गिरणी गेली, टेबलावर मावणारं विंडोजचं मशीन आलं आणि सगळे नकाशे त्याच्यावर उतरवले गेले.

सोमवारी भीमराजनं कुसळवाडी उघडली. ओढा आला, रस्ता आला, शाळा आली. तलावाच्या जागी मात्र नुसती रिकामी चौकट, धुऊन पालथ्या घातलेल्या परातीसारखी.

त्यानं मशीन बंद करून चालू केलं. प्रोग्रॅमच्या चौदा फ्लॉप्या पुन्हा एकीमागून एक भरल्या. शिपाई पुंजाराम म्हणाला, "साहेब, जागा बदललीय त्याची. नव्या गोठ्यात म्हैस दोन दिस पान्हा चोरती." भीमराजला ते अगदीच खोटं वाटेना. त्यानं मंगळवार वाट बघण्यात घालवला. म्हशीनं पान्हा सोडला नाही.

बुधवारी तो एसटीडी बूथवर गेला आणि पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. लाईनीत इतकी खरखर, की पुण्यात कोणी पापड तळत बसलंय असं वाटावं. भीमराज ओरडून बोलू लागला.

"लेयर आहेत हो! सगळे लेयर आणले. पण हॅच होत नाही!"

पलीकडून काहीतरी खरखरलं.

"जुन्या जागेत होत होतं. नव्या जागेत आणल्यापासून एकदाही झालं नाही. उद्या समितीपुढं काय दाखवू?"

बूथच्या दारात कुसळवाडीचे रंभाजी उभे होते. रंभाजींची अंड्यांच्या दोनशे कोंबड्यांची पोल्ट्री, आणि अंड्यांच्या कोंबडीला आपल्याकडं लेयरच म्हणतात. अंडी उबवून पिल्लं निघाली की झालं हॅच. बनाबाईंच्या जावयानं नोकरी सांभाळून चोरून पोल्ट्री टाकली, तीही बिनकोंबड्याची, आणि आता पिल्लं निघेनात म्हणून पुण्याला फोन करून रडतोय, हे रंभाजींना कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. त्यांनी पुढची एसटी पकडली.

"बनाबाई, जावई खुळा हाय तुमचा. लेयर घेतल्यात आन् हॅच व्हईना म्हनतोय. कोंबडा नसल्यावर व्हईल कसं?"

गुरुवारी सकाळी समितीच्या तासभर आधी बनाबाई पाटी डोक्यावर घेऊन ऑफिसात शिरल्या. पाटीत तुऱ्याचा तांबडा कोंबडा.

"जयभीम, मामी. हे काय?"

"जावईबापू, लाजायचं न्हाई. रंभाजीनं सांगितलं समदं. याला सोडा, म्हैन्यात हॅच व्हतंय का न्हाई बगा."

भीमराज डोक्याला हात लावून खाली बसला. मग त्यानं चौकट दाखवली, खरा घोटाळा सांगितला. बनाबाईंनी पडदा निरखला. "आन् रेघा न्हाई आल्या तर?"

"तर तलाव अध्यक्षांच्या गावाला."

"मंग काढा की हातानं. हातानंच काढायचा न्हवं तुमी आदी?"

स्लाइडवर लिहायचं निळं पेन टेबलातच होतं. भीमराजनं पडद्याच्या काचेवर पट्टी धरली आणि रेघा ओढायला घेतल्या. बनाबाई मागून बोट दाखवत होत्या. "जरा वर घ्या. तितं पानी थांबतं. तितं न्हाई, तितं खडक हाय." अशी तळ्यावर शेवटची रेघ पडली आणि दारात जीप थांबली. पुंजारामनं पाटी टेबलाखाली सारली.

अध्यक्षांनी पडदा बघितला. "वा. केवढं ठसठशीत."

टेबलाखालून कोंबडा आरवला.

"हे काय?"

"नवं मशीन आहे, साहेब," भीमराज म्हणाला. "यात आवाजही येतो."

अध्यक्षांनी मान डोलावली, कुसळवाडीचा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. सहीचा पहिला फराटा पडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "जाता जाता आमचंही गाव दाखवा."

भीमराजनं बटण दाबलं. नकाशा बदलला. रेघा होत्या तिथंच राहिल्या. कुसळवाडीचा तलाव बरोबर अध्यक्षांच्या मोसंबीच्या बागेत जाऊन बसला.

"अरे, आमच्यात तर तंतोतंत तेवढंच पाणी!" पेन कुसळवाडीच्या कागदावरून उठलं आणि दुसऱ्या कागदाकडं निघालं.

भीमराजच्या तोंडचं पाणी पळालं. बनाबाई मात्र पुढं झाल्या. त्यांनी पदराला थुंकी लावली आणि एका फटक्यात काच पुसली.

"आटलं, साहेब," त्या म्हणाल्या. "मोसंबीला लई पानी लागतं."

समितीची चार माणसं अध्यक्षांकडं बघत होती. अध्यक्ष निळ्या पदराकडं बघत होते. यातलं आपल्याला काही कळलं नाही, हे कॉम्प्युटरसमोर, चार माणसांत कबूल करणारा अध्यक्ष आपल्या जिल्ह्यात अजून जन्मायचाय. ते खाकरले, "मशीन खोटं बोलत नाही," म्हणाले आणि कुसळवाडीच्या कागदावर सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. पुण्याचा इंजिनियर. आज लाईन स्वच्छ होती.

"साळवे, आलं का हॅच?"

"आलं होतं, साहेब. कामही झालं. नंतर पुसलं."

"पुसलं? आम्हाला तर ते इथं दिसायलाच तयार नाही. कुठली कमांड दिली?"

"पदर, साहेब."

पलीकडं कागद फडफडला. "नवीन दिसतेय. स्पेलिंग सांगा, लिहून घेतो."