मोज्यासारखी साल

बायकोने पहिल्या बटाट्याला सोलाणं लावलं आणि मागून नवरा ओरडला, “थांब!”

तिने थांबून आधी बोटं पाहिली. सगळी जागेवर होती.

“काय झालं?”

“तू अजून असेच सोलतेस? एकेक?”

“दोन-दोन हातात मावत नाहीत, अहो.”

संध्याकाळी नवऱ्याचे साहेब जेवायला यायचे होते. त्यांची दाढ नुकतीच काढली होती, म्हणून लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा पुरे, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. सुलभीकरण विभागाचं प्रमुखपद कोणाला द्यायचं, हे साहेबांच्या हातात होतं. पद मोठं, आणि महिन्यातले बहुतेक दिवस दौरा. नवऱ्याला ते हवं होतं. बायकोला त्याच्याहून जास्त हवं होतं. त्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी सुधारल्यापासून मीठ माळ्यावर होतं.

“मधोमध गोल चीर द्यायची, उकडायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचं,” नवरा बाह्या सरसावत म्हणाला. “दोन्हीकडून ओढलं की साल मोज्यासारखी निघते.”

“बातम्या संपेपर्यंत माझे सोलून होतील.”

“हीच ती वृत्ती! वेळ वाचवायचा तर आधी वेळ द्यावा लागतो.”

त्याने दोरा आणि पेन घेतलं आणि प्रत्येक बटाट्याचा मध्य आखायला सुरुवात केली. एक बटाटा कुबड असलेला निघाला. त्याचा मध्य नक्की कुठे, यावर नवऱ्याचं स्वतःशीच भांडण झालं. मग आखून चिरलेले लहान-मोठे सगळे एकाच पातेल्यात गेले. बायको पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. लहान आधी शिजतील आणि मोठे मागून, हे तिने एकदा सांगून पाहिलं.

“सरासरी धरायची,” नवरा म्हणाला.

पातेल्यात सरासरी बटाटा एकही नव्हता. लहानांचा लगदा झाला, मोठे आतून कच्चे राहिले. चिरांतून पाणी सगळ्यांच्याच पोटात शिरलं. बर्फ तर पहिल्या चार बटाट्यांतच विरघळला.

“आई, शेजारून बर्फ आण गं!”

सासूबाई खुर्चीतून उठल्या. सुनेने त्यांच्या हातात एक पिशवी दिली. बर्फ आणायला निघालेल्या पिशवीच्या मानाने ती बरीच जड होती. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. न चिरलेले, न आखलेले बटाटे, आणि वर सोलाणं.

“लोणी शेजारी असेल ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“दूधही आहे. विचारून ठेवलंय.”

नवऱ्याचं लक्ष मोज्याकडे होतं. त्याने बटाटा दोन्ही हातांत धरून ओढला. मोजा निघाला खरा, पण त्यात अर्धा पायही आला.

“बटाट्याची जात चुकलीये,” तो म्हणाला. “आता यंत्र लावू.”

उरलेले कच्चे बटाटे बादलीत गेले, बादलीत पाणी, आणि भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलला एक ताठ केसांचा ब्रश. बटण दाबताच बटाटे बादलीत एकमेकांचा पाठलाग करू लागले. सालं छतापर्यंत उडाली, भिंती पिठूळ पाण्याने पांढऱ्या झाल्या. पण बटाटेही पांढरे झाले.

“बघ!” नवरा ओरडला. “बघ, बघ!”

बायकोने बघितलं. बटाट्यांकडे नाही, ब्रशकडे.

“हा कुठून घेतलात?”

“संडासातून. परवाच नवा आणलायस ना तू?”

“नवा अजून कपाटात आहे.”

नवऱ्याने ड्रिल आणखी जोरात फिरवलं.

त्याच आवाजाच्या मागोमाग साहेब थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. औषध जेवणानंतर घ्यायचं असल्याने ते लवकर आले होते, घंटा कोणाला ऐकू गेली नव्हती, आणि सासूबाई दार उघडंच टाकून गेल्या होत्या. गालाला रुमाल लावून त्यांनी छत पाहिलं, भिंती पाहिल्या, बादली पाहिली.

“हे काय चाललंय?” त्यांनी अर्ध्या तोंडाने विचारलं.

बायकोने डोळे मिटले. प्रमुखपद गेलं. आता डब्यांनंतर कपाटांची पाळी.

“पहिला टप्पा, साहेब,” नवरा ताठ उभा राहून म्हणाला. “बटाटा-सोलण सुलभीकरण.”

“सोलले किती?”

“तसा आकडा आत्ताच बघू नये, साहेब. पद्धत निर्दोष आहे. बटाटे सहकार्य करत नाहीत.”

साहेबांनी रुमाल खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दाढेचं नव्हतं.

“मागचे दोन्ही प्रमुख,” ते म्हणाले, “माझ्यासमोर चूक कबूल करून मोकळे झाले. विभागाची अब्रू गेली. तुम्ही बटाट्यांना दोष दिलात. असाच माणूस शोधतोय मी.”

इतक्यात सासूबाई झाकलेलं भांडं घेऊन आत आल्या. “बर्फ नाही मिळाला रे.”

साहेबांनी तीनदा वाढून घेतलं. “एक गाठ नाही! हे याच पद्धतीने केलंत?”

नवरा गोंधळून बायकोकडे बघू लागला. खोटं विधान करण्याची तिला सवय नव्हती. ती क्षणभर माळ्यावरच्या मिठाकडे बघत राहिली.

“यांच्या पद्धतीशिवाय हे इतकं लवकर सुचलंच नसतं,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नवरा पहिल्या दौऱ्यावर गेला. तिथल्या शाखेत एका शिक्क्याने होणारं काम त्याने तीन शिक्क्यांत सोपं करून दिलं. रात्री त्याचा फोन आला.

“अगं, बटाटे सोलायची सगळ्यात सोपी पद्धत सापडली का शेवटी?”

फोन मानेत धरून बायको बटाटा सोलत होती. मीठ तिच्या हाताशी होतं. समोर सासूबाई बातम्या बघत होत्या.

“सापडली,” ती म्हणाली. “तुमचा दौरा अजून वाढू शकतो का?”