देवस्थळी काकांचा ओपन पॉइंट

देवस्थळी काका हरणाला बाण मारतात आणि मग त्याला नमस्कार करतात.

हरीण फोमचं आहे. इथे आखातात, अल रय्यानला धनुष्यबाण चालवायचा एक एसी हॉल आहे, तिथे ते शुक्रवारी सकाळी जातात. नेम धरतात, बाण सोडतात, तो हरणाच्या बरगडीत घुसतो. मग काका चालत जाऊन बाण उपसतात आणि चुकून कुणाला पाय लागल्यावर आपण करतो तसं हरणाला हात लावून तो कपाळाला टेकवतात. तिथल्या इजिप्शियन कोचला वाटतं हा भारतीय धनुर्विद्येचा नियमच आहे. हल्ली तो नवशिक्यांनाही तसं करायला लावतो.

काका शुद्ध शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन त्याला जिन्यापर्यंत सोडायला जातात. असा हा माणूस गेली काही वर्षं एकाच प्रश्नाने पछाडलेला: मोठ्या जनावराच्या शिकारीला बाण कार्बनचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

अल नस्रमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे नाशिकचे. काकू गेल्या, मुलगा केदार कॅनडात. काका गॅस प्लांटच्या साइटवर क्वालिटी इन्स्पेक्टर. तपासणीत काही शंका राहिली की ती त्यांच्या भाषेत ‘ओपन पॉइंट’, आणि समाधान झाल्याशिवाय काका पॉइंट क्लोज करत नाहीत. त्यांच्या एका सहीसाठी कंत्राटदार नवस बोलतात म्हणे.

लिफ्टमध्ये भेटले की माझी सुटका नसे.

“नितीन, ॲल्युमिनियमचा बाण जड. जड म्हणजे आत खोल जाणार.”

“मग ॲल्युमिनियम घ्या.”

“पण एकदा वाकला की पुन्हा पहिल्यासारखा सरळ होत नाही ना!”

“मग कार्बन.”

“कार्बन सरळ तरी असतो नाही तर मोडतो तरी. मधलं काही नाही. आणि वाकलेलं ॲल्युमिनियम निदान दिसतं रे. कार्बन आतून तडकला तरी वरून आपला सरळच!” मग लिफ्टचं दार पायाने अडवून शेवटचं वाक्य: “पॉइंट ओपन आहे.”

एकदा मी विचारलं, “काका, पण तुम्ही मारणार काय?”

“मी? शिव शिव! प्रश्न मारण्याचा नाहीये, मटेरियल सिलेक्शनचा आहे.”

एका शुक्रवारी ते मला हॉलवर घेऊन गेले. कार्बनचा बाण कानाजवळ धरून तो हलकासा कसा वाकवायचा आणि कान देऊन कसं ऐकायचं, हे त्यांनी मला शिकवलं. बारीक कुरकुर ऐकू आली तर आत तडा आहे, बाण बाद. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला लहान बाळाची छाती तपासणारे डॉक्टर आठवले. मग मी स्वतः धनुष्य ओढलं. बाण हरणाच्या बाजूलाही गेला नाही, पण दोरी माझ्या हातावर अशी सणसणली की मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठला. ऑफिसात अफवा उठली की मला बायकोने लाटण्याने मारलं. खरं कारण सांगण्यापेक्षा मला ती अफवाच बरी वाटली.

पण ती लाज काहीच नाही. खरी लाज पुढे आहे. लिहितानासुद्धा कान गरम झालेत.

मी नोकरी करतो खरेदी खात्यात. तीन कोटेशनं मागवा, तुलना करा, ऑर्डर द्या, खलास. लोंबकळणारा प्रश्न पाहिला की माझे हात शिवशिवतात. काकांची साठी आली तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं की यांना काय द्यायचं? तर उत्तर! केदारचा नंबर माझ्याकडे होता, काकांना मुतखडा झाला तेव्हाचा. तो तिकडे खरोखरची शिकार करतो, हे एकदा काकांच्याच तोंडून निसटलं होतं. मी त्याला लिहिलं, ‘बाबांच्या प्रश्नाचा एकदाचा निकाल लाव. साठीचं सरप्राइज आहे.’

बिल्डिंगमधली चारपाच मराठी कुटुंबं आमच्याकडे जमली. औक्षण झालं, श्रीखंड झालं. मग मी चमच्याने पेला वाजवला, मोठं भाषण ठोकलं आणि स्पीकरवर केदारचा आवाज लावला. “हॅपी बर्थडे बाबा! फायनल आन्सर, कार्बन. ओके? आता हा क्वेश्चन बंद, प्लीज!” आणि त्याचं मोकळं हसणं.

घर टाळ्यांनी दुमदुमलं. मी काकांच्या हातात कार्बनच्या बाणांचा खोका ठेवला, रिबीन बांधलेला. “काका, पॉइंट क्लोज!”

काका हसले. म्हणजे ओठ हलले. खोका त्यांनी मांडीवर सरळ ठेवला, रिबीन काही सोडली नाही. “हो,” म्हणाले, “झाला क्लोज.” आणि श्रीखंडाची वाटी अर्धी ठेवून उठले.

त्यानंतर लिफ्टमध्ये नुसता नमस्कार. शुक्रवारी हॉलवर जाणंही बंद. मी मृणालला म्हटलं, “काकांचा कल ॲल्युमिनियमकडे होता वाटतं. राग आलेला दिसतोय.”

“तुझ्या अकलेचा बाण कशाचा आहे रे?” माझी बायको म्हणाली. “टोक तर कुठे दिसत नाही.” आणि तिने डब्यात साबुदाण्याचे वडे भरून मला वर पिटाळलं.

काकांनी दार उघडलं. खोका टीव्हीशेजारी होता, रिबिनीसकट.

“काका, माझं काही चुकलं का?”

“छे छे. तू चांगल्या मनाने केलंस.” त्यांनी वडा घेतला आणि हातातच धरून ठेवला. “ही गेल्यावर केदारचं नि माझं बोलणं म्हणजे, ‘जेवलास का?’ तर त्याचा अंगठा. ‘थंडी आहे का?’ अंगठा. मग एकदा त्याने फोटो पाठवला. एल्क मारलं होतं. आपल्या सांबराचा थोरला भाऊच म्हण. त्याच्या शिंगाला धरून हा हसतोय. मी नको नको ते लिहिलं. तुझ्या आईला काय वाटलं असतं, इथपर्यंत गेलो. मग अंगठाही बंद झाला.”

मी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

“वर्षभर काही नाही. मग एक दिवस काय लिहावं सुचेना, म्हणून विचारलं, तुझा बाण कशाचा असतो रे? नितीन, त्याने पानभर लिहिलं! पानभर! वजन, वेग, वारा… मला एक अक्षर कळलं नाही. मी तीनतीनदा वाचलं. म्हणून हॉलवर जायला लागलो, पुढचा प्रश्न धड विचारता यावा म्हणून.” मग वड्याकडे बघत म्हणाले, “आता त्याने बंद म्हटलंय. आता काय विचारू त्याला?”

कोटेशनं मागवून हे काय करून बसलो होतो मी! ज्या एका दोरीवर माणूस लोंबकळत होता, ती मी रिबीन बांधून कापली होती, वर टाळ्या घेतल्या होत्या. वाटलं, त्या फोमच्या हरणाच्या जागी मला उभं करावं, आणि नंतर कुणी नमस्कारही करू नये.

शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “पण काका, समजा कार्बनच. तो आतून तडकला, तर कळायचं कसं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कानाजवळ बाण धरून ज्याने मला ऐकायला शिकवलं, तोच हा माणूस.

“खरंच की,” ते हळूच म्हणाले. “हे त्याला विचारलंच नाही मी.”

वडा ताटलीत ठेवून त्यांनी बोटं पुसली, चष्मा लावला. घड्याळाकडे बघून म्हणाले, “तिकडे सकाळ झाली असेल.” एका बोटाने त्यांनी प्रश्न लिहिला, खोडला, परत लिहिला. पाठवला. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो, निकालाच्या दिवशी बसतात तसे.

फोन थरथरला. काकांनी वाचलं आणि मग माझ्यापुढे धरला. ‘बाबा, गुड क्वेश्चन. लिहून नाही समजणार, दाखवावं लागेल. व्हिडिओ कॉल करू?’

“शर्ट बदलू का रे?” काकांनी विचारलं.

तेवढ्यात रिंग वाजलीच. मी उठलो आणि दाराबाहेर सटकलो. मागे काकांचा आवाज ऐकू येत होता, “थांब थांब, हळू सांग. कानाजवळ धरायचा? आणि मग?”

खाली दारात मृणालने माझ्या पायांकडे बघितलं. “या कुणाच्या चपला?”

काकांच्या होत्या. घाईत माझ्या वरच राहिल्या होत्या.

“जा, बदलून ये.”

“नको,” मी म्हटलं. “फोन चालू आहे.”