सखू मासळी हुंगते

‘तब्येत ठणठणीत करून दाखवते, मग मला विरारला न्यायचं नाव काढायचं नाही,’ असं सखूने विरारच्या लेकीला, सलोनीला, फोनवर बजावलं. नवरा हरिश्चंद्र शिमग्यानंतर तापाने गेला, तेव्हापासून तिचा श्वास छातीत अर्ध्यावरच अडकायचा. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मनाला लागलंय म्हणाले, आणि पाठ ताठ, खांदे सैल, डोळे मिटून नाकाने पोटापर्यंत श्वास ओढायला शिकवलं. तो जमला नाही तर सलोनी येऊन तिला उचलून नेणार, आणि मिरकरवाड्याच्या मासळीबाजारातली तिची जागा जाणार. विरारच्या चौथ्या मजल्यावर सखू करणार काय, कबुतरं विकणार?

घरी व्यायाम जमेना. घर रिकामं, आणि डोळे मिटले की जास्तच रिकामं. तेव्हा तिने तो बाजारातच उरकायचं ठरवलं.

सकाळी ताजे फडफडीत बांगडे मांडले, पाठ वल्ह्यासारखी ताठ केली, डोळे मिटले आणि दणदणीत श्वास ओढला.

आता बघा, मासळीवाली कल्ले उघडून दाखवील, बोटाने दाबून दाखवील, पण स्वतःची मासळी गिऱ्हाइकादेखत कधी हुंगणार नाही. हुंगली म्हणजे तिलाच शंका! आणि सखू तर टोपलीपुढे बसून भरभरून हुंगत होती. समोरच्या शिक्षिकाबाईंनी हातातला बांगडा हळूच परत ठेवला. तेवढ्यात सखूच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग काय विचारता, बांगडे इतके कुजलेत की विकणारीच्या डोळ्यांना पाणी आलं, ही बातमी बाई दारापर्यंत वाटत गेल्या.

गिऱ्हाइकं अख्खी रांगच टाळू लागली, तशी शेजारची गोदा उठून आली. आमच्या पोटावर पाय का देतेस, म्हणून तिने सखूला फैलावर घेतलं. सखूने डॉक्टरांचं सांगितलं.

“मग रडतेस कशाला?”

“श्वास आत गेला की ह्यांचा वास येतो गो. डिझेलचा, जाळ्याचा, मासळीचा. जन्मभर मी ओरडत आले, आंघोळ केल्याबिगर घरात येऊ नका. आता घरात नुसता साबणाचा वास.”

गोदाचा लेक नितेश बोटीवर गेला तो परत आलाच नव्हता. ती सखूला टेकून बसली, पाठ ताठ केली आणि कसा घ्यायचा ते दाखव म्हणाली. पहिल्याच श्वासाला तिला हुंदका फुटला. मग पलीकडची सरकली, तिच्या पलीकडची सरकली. कुणी गमावलं नाही अशी त्या रांगेत होती कोण? थोड्या वेळाने सगळ्या बायका पाठी ताठ करून, डोळे मिटून आपापली मासळी हुंगत होत्या आणि ढसाढसा रडत होत्या. नवरा गेला त्या दिवशीही सखू अशी रडली नव्हती.

त्या दिवशी निम्म्या रत्नागिरीने कोंबडी खाल्ली.

संध्याकाळी सलोनीचा फोन आला. सखूने बाजारातलं सगळं सांगितलं, वासाचंही. श्वास पार पोटापर्यंत गेला, पण बाजारात पुन्हा घेशील तर टोपली फेकून देऊ, असं बायकांनी बजावल्याचंही सांगितलं. पलीकडे कुणी हसलं नाही. मग नाकाने ओढलेला एक लांब श्वास ऐकू आला.

“मला नाही येत गं आई, बाबांचा वास,” सलोनी म्हणाली.

सखूने पदराने नाक पुसलं.

“विरारला कसा येईल? तूच ये इकडे. बांगडे पडलेत टोपलीभर.”